जोंधळ्याचा पट्टा आणि एक पांढरी गोळी

१९५०चं दशक सरत असताना हैदराबादच्या सरकारी दवाखान्यांत एका ठरावीक खुणेचे रुग्ण येत राहिले. बहुतेक शेतमजूर. हातांच्या पाठी, पावलांचा वरचा भाग आणि गळ्याभोवतीची कातडी काळी पडून कोळपलेली, वरून सालपटं निघालेली. लुगड्याचा, बंडीचा आडोसा जिथे होता तिथलं अंग मात्र स्वच्छ, जणू उन्हानेच रेघ मारून दिली होती. जीभ लालबुंद आणि सोललेली, तिला तिखट तर सोडाच, भाकरीचा तुकडाही झोंबायचा. पोट सारखं बिघडलेलं. दुखणं जुनं झालेल्यांची झोप उडालेली, बोलण्यात ताळमेळ नाही, कारण नसताना रडू फुटायचं. अशांना घरचे लोक शेवटी मनोरुग्णालयात आणून सोडत. तिथे काही महिन्यांत भरती होणाऱ्या दर शंभर रुग्णांमधले आठ-दहा जण या एकाच दुखण्याचे असत, अशी हैदराबादच्या संशोधकांची नोंद आहे. डोकं फिरलं म्हणून आणलेली ही माणसं खरं तर पोटाने आजारी होती. या रोगाचं नाव पेलाग्रा.

ती ज्या मुलखातली होती तो आपलाच. १ नोव्हेंबर १९५६पर्यंत बीदर आणि गुलबर्गा (आताचं कलबुर्गी) हे दोन्ही जिल्हे हैदराबाद राज्यात होते. त्या दिवशी बीदर जिल्ह्याचे तीन तुकडे झाले. उदगीर, निलंगा, अहमदपूर मुंबई राज्यात गेले, जहिराबाद आणि नारायणखेड आंध्रात, तर बीदर, भालकी, औराद, हुमनाबाद, बसवकल्याण म्हैसुरात. सरकारी कागदावर रेघा बदलल्या, भाषेचे वाद सुरू झाले आणि अजून मिटलेले नाहीत. ताटात काय पडतं याला मात्र त्या रेघांनी काही फरक पडला नाही. सोलापूरपासून आळंदपर्यंत आणि उदगीरपासून भालकीपर्यंत काळ्या रानात जोंधळा पिकत होता, आणि तीच भाकर मराठी, कन्नड, उर्दू, तेलुगू बोलणारी सगळी घरं खात होती.

पेलाग्रा जगाला नवा नव्हता. स्पेनमधल्या अस्तुरियासच्या गास्पार कासाल या वैद्याने १७३५मध्ये त्याची लक्षणं टिपली होती. गळ्याभोवतीच्या काळ्या पट्ट्याला वैद्यकात अजून त्याच्याच नावाने ओळखतात. पुढे इटली, मग अमेरिकेचा दक्षिण भाग, जिथे जिथे गरिबांनी मक्यावर पोट भरलं तिथे हा रोग गेला. अमेरिकेत तो संसर्गाने पसरतो अशी डॉक्टरांची खात्री होती. १९१४मध्ये सरकारने जोसेफ गोल्डबर्गर या डॉक्टरला तपासाला पाठवलं. अनाथाश्रमांत मुलांना पेलाग्रा होतो आणि त्यांची देखभाल करणाऱ्या माणसांना होत नाही, हे त्याने पाहिलं. मुलांच्या जेवणात दूध, अंडी, मांस वाढवताच रोग हटला. लोकांना तरी पटेना, तेव्हा १९१६मध्ये त्याने, त्याच्या पत्नीने आणि सहकाऱ्यांनी रुग्णांचं रक्त टोचून घेतलं, शिवाय त्याने आणि सहकाऱ्यांनी त्यांच्या कातडीचे कोंडे आणि विष्ठा गिळली. कुणाला काही झालं नाही. गोल्डबर्गर १९२९मध्ये गेला. अन्नातला तो हरवलेला घटक म्हणजे निकोटिनिक आम्ल, अर्थात नायसिन, हे कॉनरॅड एल्व्हेजेमने १९३७मध्ये दाखवलं. काळ्या जिभेच्या, म्हणजे पेलाग्रासारख्याच आजाराची कुत्री नायसिनने बरी झाली, आणि लगेच माणसंही.

गोल्डबर्गरचं आणखी एक काम मला या सगळ्यापेक्षा मोठं वाटतं. एडगर सिडनस्ट्रिकर या अर्थशास्त्रज्ञाला बरोबर घेऊन त्याने साउथ कॅरोलिनातल्या सूतगिरण्यांच्या वस्त्यांत घरोघरचं उत्पन्न आणि घरोघरचा पेलाग्रा एकमेकांशेजारी मांडून पाहिला. कमाई जितकी कमी तितका रोग जास्त. डॉक्टरने जिभेबरोबर पगारही तपासावा, हे तिथून पुढे कुणाला टाळता येण्यासारखं नव्हतं.

तर अशा या मक्याच्या रोगाचं जोंधळ्याच्या मुलखात काय काम? कोडं इथे होतं. मक्याच्या प्रथिनात ट्रिप्टोफॅन हे अमिनो आम्ल फार कमी असतं. शरीर साठ मिलिग्रॅम ट्रिप्टोफॅनपासून सुमारे एक मिलिग्रॅम नायसिन तयार करतं, तेव्हा मका खाणाऱ्याचा हा रस्ता बंद होतो. जोंधळ्यात ट्रिप्टोफॅन मक्यासारखं तुटपुंजं नाही आणि नायसिनही बऱ्यापैकी असतं. हिशेबाने जोंधळा खाणाऱ्याला पेलाग्रा व्हायला नको होता.

हे कोडं डॉ. कोलुथूर गोपालन यांनी हातात घेतलं. रॉबर्ट मॅककॅरिसनने १९१८मध्ये कुन्नूरला सुरू केलेली पोषण प्रयोगशाळा १९५०च्या दशकाअखेर हैदराबादला हलली होती, १९६९पासून तिला राष्ट्रीय पोषण संस्था म्हणतात. प्रयोगशाळा कुन्नूरच्या थंड डोंगरातून नेमकी जोंधळ्याच्या पट्ट्याच्या तोंडाशी आली, हा मोठा योग. १९६०मध्ये गोपालन आणि एस. जी. श्रीकांतिया यांनी ‘लॅन्सेट’मध्ये आपलं म्हणणं मांडलं. मका आणि जोंधळा या दोन्हींमध्ये ल्यूसिन हे अमिनो आम्ल प्रमाणाबाहेर असतं, आणि हे जादा ल्यूसिन ट्रिप्टोफॅनपासून नायसिन होण्याची वाट बिघडवतं. उणीव एका घटकाची नव्हती, घटकांच्या आपसातल्या प्रमाणाची होती. पुढची दहा-पंधरा वर्षं भवानी बेलवाडी, कमला कृष्णस्वामी, के. एस. जया राव अशा सहकाऱ्यांनी यावर काम केलं. जोंधळ्यावर ठेवलेल्या कुत्र्यांची जीभ काळी पडली. प्रथिनात ल्यूसिन शेकडा अकराच्या खाली असलेल्या जोंधळ्याने पडली नाही, म्हणून कमी ल्यूसिनचं वाण शोधण्याचा आग्रह सुरू झाला. आयसोल्यूसिन हे दुसरं अमिनो आम्ल दिलं की ल्यूसिनचा उपद्रव कमी होतो, हे १९७१मध्ये रुग्णांवर दिसलं.

या सिद्धांताला पुढे विरोध झाला. बाहेरच्या काही प्रयोगशाळांना प्राण्यांवर तेच निकाल मिळाले नाहीत, आणि ल्यूसिन एकटं पुरेसं कारण नाही असं आज बहुतेक जाणकार मानतात. तरी माझ्या मते गोपालन यांनी विचारायला हवा तोच प्रश्न विचारला. एका दाण्यात काय आहे याऐवजी त्या दाण्याशेजारी काय नाही, हे ते पाहायला लागले. आयसोल्यूसिन प्रयोगशाळेत पांढऱ्या भुकटीच्या रूपात येतं, शेतकऱ्याच्या घरात ते डाळीतून आणि दुधातून येतं.

याचा पुरावा आपल्याकडे दरवर्षी मार्गशीर्ष अमावस्येला रानात मांडला जातो. वेळ अमावस्या, आपल्या बोलीत येळवस. बीदर, कलबुर्गी, लातूर, धाराशिव या चारही जिल्ह्यांत त्या दिवशी गावं ओस पडतात. रब्बीच्या उभ्या जोंधळ्यात कडब्याची कोप करायची, आत पांडव मांडायचे आणि मग जेवण. त्यात भज्जी असते. ओला हरभरा, तूर, वाटाणा, वाल, मेथी, पात, मिळेल ते माळवं आणि शेंगदाणे एकत्र शिजवून बेसन लावलेली. जोंधळ्याचीच ताक घालून आंबवलेली आंबील असते. तिळाची भाकर, उंडे, खीर असते. हे ताट पोषणशास्त्राच्या कुठल्याही कसोटीला उतरेल. इथे जोंधळा आहेच, आणि त्याच्या भोवती डाळ, ताक, तीळ, शेंगा, हिरवा पाला असा सगळा गोतावळा आहे.

पण हे ताट सणाचं. सालगड्याचं रोजचं जेवण म्हणजे तीन-चार भाकरी, वाटलेली मिरची, मीठ, फार तर अंबाडीच्या पाल्याचं कोरड्यास. मोबदलाही बऱ्याचदा पोत्यांनी मोजून जोंधळ्यातच मिळे. शेजारच्या तासात तूर उभी असे. कलबुर्गीची तूर देशभर नावाजलेली, २०१९मध्ये तिला भौगोलिक मानांकनही मिळालं. पण रोख पैसा देणारी तूर आडत्याकडे जाई, दूध डेअरीच्या आधीही तालुक्याच्या हॉटेलात जाई, आणि मजुराच्या घरात उरे तो नुसता जोंधळा. मालकाच्या वाड्यात तोच जोंधळा वरण-तुपाबरोबर खाल्ला जाई, आणि तिथे पेलाग्रा गेला नाही. दाणा एकच होता, म्हणून दाण्याला दोष देता येत नाही.

औषध फार स्वस्त होतं. रोज नायसिनच्या शंभर मिलिग्रॅमच्या दोन-तीन गोळ्या दिल्या की दोन-चार दिवसांत जीभ शांत होई, झोप लागे, घरच्या माणसांची ओळख पटे. कातडी सुधारायला काही आठवडे लागत. चार दिवसांपूर्वी खाटेला बांधावा लागलेला माणूस शहाण्यासारखा बोलू लागतो, हे वैद्यकात फार थोड्या गोळ्यांनी घडवलं आहे. आणि मग तो बरा झालेला माणूस गाडीत बसून गावी जाई, तिथे तीच भाकर आणि तीच मिरची. पुढच्या वर्षी काहींची तीच पाळी येई.

याच गोळीचा दुसरा संसार तेव्हाच कॅनडात सुरू झाला होता. सस्कॅचेवान प्रांतात एब्राम हॉफर हा मनोविकारतज्ज्ञ स्किझोफ्रेनियाच्या रुग्णांना नायसिनचे मोठे डोस देत होता, कारण पेलाग्राचं वेड त्याने बरं होतं तर दुसरं का नाही, असा त्याचा तर्क. तो तर्क टिकला नाही. पण तिथलाच रुडॉल्फ आल्टशुल रक्तवाहिन्यांवर काम करत होता, आणि दोघांनी जेम्स स्टीफनबरोबर १९५५मध्ये दाखवलं की दिवसाला ग्रॅमच्या मापात नायसिन दिलं तर रक्तातलं कोलेस्टेरॉल उतरतं. पेलाग्रा टाळायला दिवसाला पंधरा-सोळा मिलिग्रॅम पुरतात, इथे तीन हजार लागत. कोलेस्टेरॉल उतरवणारं हे पहिलंवहिलं औषध ठरलं. म्हणजे हैदराबादच्या वॉर्डात जी गोळी उपाशी माणसाचं डोकं ताळ्यावर आणत होती, तीच भरल्या पोटाच्या माणसाचं हृदय राखायला पाठवली गेली.

सुरुवातीचे निकाल आशा वाढवणारे होते. १९६६पासून अमेरिकेत आठ हजारांवर पुरुषांवर, सगळे हृदयविकाराचा एक झटका येऊन गेलेले, वेगवेगळी औषधं तपासली गेली. नायसिन घेणाऱ्या गटात पुन्हा झटका येण्याचं प्रमाण कमी दिसलं, आणि १९८६मध्ये पंधरा वर्षांचा हिशेब झाला तेव्हा त्यांच्यात मृत्यूही शेकडा अकराने कमी निघाले. गोळी घेतल्यावर तोंड लाल होणं, अंगाची आग होणं हे लोकांनी सहन केलं. मग जपानमध्ये आकिरा एन्डोने बुरशीतून शोधलेल्या द्रव्यापासून स्टॅटिन ही कोलेस्टेरॉल उतरवणारी नवी औषधं आली, आणि १९९४मध्ये ४,४४४ रुग्णांच्या स्कँडिनेव्हियन अभ्यासात सिमवास्टॅटिनने मृत्यू शेकडा तीसने घटवले. आता प्रश्न होता, स्टॅटिनच्या जोडीला नायसिन दिलं तर आणखी किती? उत्तर आलं, काहीच नाही. २०११मध्ये अमेरिकेतला एक अभ्यास मध्येच थांबवावा लागला. २०१४मध्ये २५,६७३ रुग्णांचा दुसरा अभ्यास छापला गेला. त्यात झटके कमी झाले नाहीत, उलट नव्याने मधुमेह होणाऱ्यांची संख्या जवळपास एक तृतीयांशाने वाढली, जंतुसंसर्ग आणि रक्तस्रावही वाढले. २०२४मध्ये क्लीव्हलँडच्या संशोधकांनी आणखी एक गोष्ट समोर आणली. गरजेपेक्षा जास्त नायसिन शरीरातून बाहेर पडताना जे पदार्थ बनतात, त्यांतल्या एकाची रक्तातली पातळी जास्त असलेल्यांना हृदयविकार जास्त होतो आणि तो पदार्थ रक्तवाहिन्यांना सूज आणतो.

कमी पडलं म्हणून दिलं तेव्हा ज्याने माणूस उभा केला, तेच भरल्यावर आणखी ओतलं तर दगा देतं. पोषणद्रव्याच्या गोळ्या विकणाऱ्या आजच्या जाहिरातींनी नेमकं हेच झाकलेलं असतं, म्हणून इतक्या लांबवर जाऊन सांगितलं.

इकडे सीमाभागात पेलाग्रा ओसरत गेला तो गोळीमुळे नव्हे, आणि कमी ल्यूसिनच्या वाणामुळेही नव्हे. जोंधळाच ताटातून गेला. १९६४मध्ये पहिला संकरित जोंधळा आला, पीक वाढलं, चव गेली अशी तक्रार राहिली. १९७२च्या दुष्काळात रेशनवर अमेरिकेतला लाल मिलो आला. तो ज्यांनी खाल्ला ती पिढी अजून त्याचं नाव काढलं की तोंड वाकडं करते. मग १९८३मध्ये आंध्रात रामाराव सरकारने दोन रुपये किलोने तांदूळ दिला. जहिराबाद, नारायणखेड, म्हणजे जुन्या बीदरचाच भाग, भातावर आला. कर्नाटकात २०१३च्या अन्नभाग्य योजनेत तांदूळ एक रुपया किलो झाला, पुढे फुकट. जोंधळा पेरायचा, राखायचा, काढायचा, मळायचा, दळायचा, थापायचा, यातलं बहुतेक काम बाईच्या वाट्याला. फुकटचा तांदूळ तिने घेतला याबद्दल तिला बोल लावणाऱ्या शहरी लेखांचा मला राग येतो. त्या तांदळाने भूक हटली, आणि पेलाग्राही हटला. ही गोष्ट आधी मान्य केली पाहिजे.

मग रानही बदललं. देशात १९६०च्या आसपास एक कोटी ऐंशी लाख हेक्टरच्या घरात जोंधळा होता, आता चाळीस लाखांच्या आसपास आहे. बीदर-भालकीच्या खरिपात सोयाबीन शिरलं. जोंधळ्याच्या कडेने काटेरी करडईचे तास असत, जनावर आत येऊ नये म्हणून. ते तास गेले आणि घाण्याचं करडईचं तेलही गेलं. त्याच्या जागी पामतेल आलं, तळण आलं. त्याआधीच १९३७पासून डब्यातला डालडा लग्नाकार्यात शिरला होता. त्यातल्या घातक ट्रान्स फॅटवर दोन टक्क्यांची मर्यादा यायला जानेवारी २०२२ उजाडला. पण करडईलाही देवत्व देऊ नये. सिडनीत १९६६ ते १९७३ या काळात हृदयरुग्णांना इतर स्निग्ध पदार्थ सोडवून करडईचं तेल आणि त्याचं मार्गारीन भरपूर दिलं गेलं. जुने आकडे पुन्हा तपासून २०१३मध्ये छापले तेव्हा त्या गटातच मृत्यू जास्त निघाले. आपल्या घरात ते तेल पळीने पडत होतं, तेही जोंधळ्या-डाळीच्या जेवणात.

नव्या आजारांनी मग जुन्याची जागा घेतली. २०२३मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीने सांगितलं की प्रौढांमध्ये शेकडा ११.४ जणांना मधुमेह आणि ३५.५ जणांना रक्तदाब आहे. यामागे केवळ भात आणि बैठं काम नाही. पुण्याच्या केईएम रुग्णालयात डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३पासून सहा गावांतल्या बायांचा गरोदरपणापासून अभ्यास केला. आईच्या पोटात उपाशी राहिलेलं बाळ वजनाने हलकं असतं, पण त्यात चरबीचा वाटा मोठा असतो. अंगी बी-१२ कमी आणि फोलेट जास्त असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षीच मधुमेहाच्या वाटेवर दिसली. सीमाभागाला लावून पाहा. नुसत्या भाकरीवर दिवस काढलेल्या बाईच्या पोटी जन्मलेलं, दुष्काळात वाढलेलं शरीर पन्नाशीत फुकटच्या तांदळासमोर आणि गोड चहासमोर बसलं. पेलाग्रा गेला त्याच घरात साखर आली, कारण दोन्हीमागे अपुरं ताट आहे, आधीच्या पिढीचं आणि आताचं.

हृदयविकारावरचे उपचार तरी आता जवळ आले आहेत. कलबुर्गीत जयदेव हृदयरोग संस्थेचं मोठं रुग्णालय झालं, पूर्वी सोलापूर किंवा हैदराबाद गाठावं लागे. अभिनेता पुनीत राजकुमार २०२१मध्ये शेहेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराने गेला. त्याच्या नावाने सुरू झालेल्या योजनेत तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात गुठळी विरघळवणारं महागडं इंजेक्शन फुकट मिळू लागलं. पण झटक्यानंतरच्या रोजच्या गोळ्यांचं काय? २०११च्या सतरा देशांच्या अभ्यासात, ज्यात भारत गरीब देशांच्या गटात होता, अशा देशांतल्या शंभर हृदय आणि पक्षाघाताच्या रुग्णांपैकी ऐंशी जण ॲस्पिरिन, स्टॅटिन, रक्तदाबाची गोळी यांपैकी एकही घेत नव्हते. या गोळ्या नायसिनसारख्या नाहीत, त्या कसोटीला उतरलेल्या आहेत. ‘आता बरं वाटतंय’ म्हणून त्या सोडणारा माणूस, आणि साखर आहे म्हणून फक्त भाकर खातो, गोळीची काय गरज, असं सांगणारा माणूस, दोघेही मला आळंद-भालकीच्या बाजारात भेटतात. तांदळाच्या जागी भाकर आली तर साखर सावकाश चढते, हे खरं. पण म्हणून ती औषधाची जागा घेत नाही.

२०२३ हे आंतरराष्ट्रीय भरडधान्य वर्ष झालं आणि जोंधळा परत मानाने शहरात गेला, पुड्यांत बांधून. त्याच पुड्यांवर जोंधळ्याचे गुण लिहिलेले असतात, त्याच्यासोबत काय खायचं ते नसतं. रेशनच्या तांदळात मार्च २०२४पासून देशभर लोह, फॉलिक आम्ल आणि बी-१२ मिसळलं जाऊ लागलं. आणि ऑक्टोबर २०२५मध्ये कर्नाटकाच्या मंत्रिमंडळाने अन्नभाग्यातल्या जादा पाच किलो तांदळाऐवजी तूरडाळ, तेल, साखर, मीठ असा संच देण्याचं ठरवलं. तूर शिधापत्रिकेवर आली तर कलबुर्गीच्या मजुराला त्याच्याच शेजारच्या रानातली डाळ साठ-सत्तर वर्षांनी हक्काने मिळेल, आणि ती पोचते का हे गावागावांत मोजलं गेलं पाहिजे. त्या संचातली साखर मात्र काढून टाकावी आणि तिच्या जागी एक किलो शेंगदाणे द्यावेत, असं बीदर आणि कलबुर्गीच्या आमदारांनी विधानसभेत उभं राहून मागावं.